मुक्या सोबत्याचे पथ्यपाणी

स्वयंपाक आटोपताना शेवटची पोळी कुत्र्यासाठी बाजूला काढून ठेवण्याची रीत आपल्यापैकी अनेकांनी आई-आजीच्या घरी पाहिली असेल. त्या पोळीमागचा भाव दानाचा होता. पोषणाचा हिशेब तिच्यात नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. दारी येणारा कुत्रा ती पोळी खाई, पुढे चार घरे हिंडे, उकिरडा उकरी, एखादी घूस मारी आणि शरीराला जे कमी पडे ते स्वतःच मिळवी. आज तोच कुत्रा तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत आपल्या पायाशी झोपतो. त्याला चार घरे नाहीत आणि उकिरडाही नाही. त्याच्या पोटात जाणारा प्रत्येक घास आपल्या हातून जातो. मांजराची गोष्टही याहून फारशी वेगळी नाही.

हे पाक्षिक ज्या घरांत वाचले जाते त्यांतील अनेक घरांत मुले नोकरीनिमित्त दूर आहेत. घरी दोन वृद्ध माणसे, क्वचित एकच, आणि सोबतीला एखादे जनावर. त्या सोबतीचे मोल आपणांस सांगावयास नको. अशा घरातून पहिला प्रश्न बहुधा येतो तो ‘कोणते खाद्य चांगले?’ असा. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न ‘किती?’ हा, आणि तिसरा ‘किती दिवसांपूर्वी उघडलेले?’ हा. महागडे पाकीट आणून ते अंदाजाने वाढले आणि तीन महिने उघडे ठेवले तर पैसा वाया जातो. मध्यम किमतीचे, पण मोजून दिलेले व ताजे राहिलेले खाद्य जनावराला अधिक मानवते.

‘किती’चा विचार बिस्किटापासून सुरू करू, कारण वृद्धांच्या घरातील बहुतेक लठ्ठ कुत्री बिस्किटांनी लठ्ठ झालेली असतात. दहा किलो वजनाचा, वयस्क, घरातच राहणारा कुत्रा घ्या. त्याची दिवसाची गरज साधारण ५०० ते ६०० किलोकॅलरींची असते. सकाळच्या चहाबरोबर दोन बिस्किटे, बाहेर फिरताना तीन, दुपारी कोणी पाहुणे आले म्हणून दोन, संध्याकाळच्या चहाला तीन. ही दहा झाली, आणि कोणाच्या लक्षातही आली नाहीत. साध्या ग्लुकोज बिस्किटांच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ४५० किलोकॅलरी असतात, म्हणजे एका लहान बिस्किटात वीसच्या आसपास. दहांच्या झाल्या दोनशे. त्याच्या दिवसाच्या गरजेच्या एक तृतीयांशाहून अधिक. दिवसाला १६०० कॅलरींचा आहार असलेल्या माणसाने जेवणाव्यतिरिक्त रोज ५८० कॅलरींचे गोड खावे, तसे हे झाले. तूप लावलेली एक पोळी म्हणजे शंभर किंवा त्याहून थोड्या अधिक कॅलरी. आपल्याला ती एक पोळी वाटते. त्याच्यासाठी तो दिवसाच्या अन्नाचा पाचवा हिस्सा असतो.

पशुवैद्य साधारणपणे असे सांगतात की खाऊच्या, लाडाच्या कॅलरी दिवसाच्या गरजेच्या दहा टक्क्यांवर जाऊ नयेत. वरील कुत्र्याच्या बाबतीत हा आकडा पन्नास-साठचा आहे. म्हणजे दोन किंवा तीन बिस्किटे, आणि मग दुसरे काही नाही. लाड बंद करा, असे मी म्हणणार नाही. म्हाताऱ्या माणसाने हात पुढे करावा आणि कुत्र्याने शेपूट हलवीत यावे, यात दोघांचेही सुख आहे. परंतु कुत्र्याला घासाची संख्या कळते, घासाचा आकार कळत नाही. एका बिस्किटाचे चार तुकडे करून चार वेळा दिले तरी आनंद चारदाच होतो. गाजराचे, काकडीचे, उकडलेल्या फरसबीचे तुकडे बहुतेक कुत्री आवडीने खातात. त्याच्या नेहमीच्या जेवणातील मूठभर दाणे सकाळीच वेगळ्या वाटीत काढून ठेवून दिवसभर तेच खाऊ म्हणून द्यावेत, ही युक्ती मला सर्वांत सोपी वाटते.

प्रमाणात खाण्याने किती फरक पडतो, याचा एक चांगला पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकेत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांवर चौदा वर्षे चाललेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. कुत्र्यांच्या जोड्या लावून, जोडीतील एकाला जेवढे अन्न मिळे त्याहून पंचवीस टक्के कमी अन्न दुसऱ्याला देण्यात आले. अधिक खाणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य ११.२ वर्षे निघाले, कमी खाणाऱ्या गटाचे १३ वर्षे. सांधेदुखीसारखी म्हातारपणाची दुखणीही त्या गटात उशिरा आली. कुत्र्याच्या आयुष्यात पावणेदोन वर्षे ही फार मोठी मुदत आहे.

आपले जनावर जाड आहे की नाही हे ठरवायला वजनकाटा लागतोच असे नाही. त्याच्या बरगड्यांवरून तळहात हलकेच फिरवावा. आपला पंजा उपडा पसरून त्याच्या पाठीवरून दुसऱ्या हाताचे बोट फिरवल्यास हाडे जशी हाताला लागतात, तशा बरगड्या लागल्या तर ठीक. मूठ वळल्यावर वर येणाऱ्या गाठींसारख्या टोचल्या तर जनावर रोड आहे. आणि पंजा उताणा करून तळव्यातील हाडे चाचपावी लागतात, तशा बरगड्या दाबून शोधाव्या लागत असतील तर ते जाड आहे. दृष्टी अधू झालेल्या माणसालाही ही परीक्षा करता येते.

आता ‘कोणते’ हा प्रश्न. येथे कुत्रा आणि मांजर यांना एका पंगतीत बसवता येत नाही. कुत्रा माणसाच्या संगतीत हजारो वर्षे राहून माणसाच्या अन्नाला बराच सरावला आहे. लांडग्याच्या तुलनेत पिष्टमय पदार्थ पचविण्याची त्याची शक्ती वाढल्याचे त्याच्या जनुकांत दिसते, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले. म्हणून भात, पोळी, भाकरी त्याला पचते. घर शाकाहारी असेल तर नीट योजलेल्या, आवश्यक पूरके घातलेल्या आहारावर कुत्र्याला ठेवणे पशुवैद्यांच्या देखरेखीखाली शक्य असते. नुसते दूध-पोळी म्हणजे मात्र तो आहार नव्हे.

मांजराचे तसे नाही. मांजर हे जात्याच मांसाहारी आहे आणि त्यात आपल्या आवडीनिवडीला जागा नाही. टॉरिन नावाचे एक द्रव्य त्याचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही. ते मांस-मासळीतून मिळते, धान्यांत आणि डाळींत ते जवळजवळ नसते. १९७५ साली अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की दुधातील केसीन हेच मुख्य प्रथिन असलेल्या आहारावर ठेवलेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा टॉरिनच्या अभावी झिजत जातो. पुढे १९८७ साली पॉल पियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांमधील एका प्रकारच्या हृदयविकाराचे मूळही याच कमतरतेत असल्याचे सिद्ध केले. टॉरिन दिल्यावर कित्येक मांजरांचे हृदय सुधारले. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिनचे प्रमाण वाढविण्यात आले. केवळ दूधभातावर वाढविलेले मांजर गुबगुबीत दिसेल, परंतु आतून ते उपाशीच असते. शिवाय मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना आणि कुत्र्यांना दुधातील साखर पचत नाही, त्यांना जुलाब होतात. शाकाहारी घरात मांजर असेल तर त्याच्यासाठी तयार खाद्य आणणे हाच सोयीचा मार्ग. त्याची भांडी, चमचा आणि ओटा पुसायचे फडके वेगळे ठेवले की सोवळ्या-ओवळ्याचाही प्रश्न उरत नाही.

कोकणात आणि गोव्यात मांजराला मासळी घालतात. ती अधूनमधून शिजवून द्यावी. मात्र रोजचा संपूर्ण आहार म्हणून नव्हे. काही कच्च्या माशांतील घटकामुळे थायमिन हे जीवनसत्त्व नष्ट होते, आणि तारलीसारखी तेलकट मासळीच सतत दिली तर ई जीवनसत्त्व कमी पडते. सुकट-बोंबील फार खारट. नुसत्या कलेजीवर मांजर ठेवणे त्याहून वाईट. अ जीवनसत्त्व अतिरेकाने साठून त्याच्या मानेची हाडे एकमेकांना जुळतात.

घरी शिजवूनच घालावयाचे असा ज्यांचा निश्चय असेल त्यांना नाउमेद करण्याचा हेतू नाही. पण अडचण कोठे येते ते सांगितले पाहिजे. ‘कोंबडी आणि भात’ हा आपल्याकडचा नेहमीचा बेत. हाडांवाचूनच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी नाममात्र असते. तेच महिनोन्‌महिने दिल्यास शरीर आपल्याच हाडांतून कॅल्शियम काढू लागते. म्हणून शिजविलेली हाडे घालावीत, तर ती अणकुचीदार फुटून आतड्याला इजा करतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी कुत्र्यांसाठीच्या दोनशे घरगुती पाककृती तपासल्या होत्या. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत ९५ टक्के कृतींत निदान एक तरी आवश्यक घटक अपुरा आढळला. अंड्याच्या कवचाची पूड किती, तेल कोणते, जीवनसत्त्वांचे मिश्रण किती, हे पशुवैद्यांकडून आपल्या जनावराच्या वजनानुसार लिहून घ्यावे आणि औषधाच्या चिठ्ठीसारखे पाळावे. मांस शिजविलेले पाणी ओतून देऊ नये, भातात कालवावे. टॉरिन त्या पाण्यातच उतरलेले असते.

आमटीभात, भाजी कालवून घालण्याची सवय मात्र आजच सोडावी. आपल्या फोडणीतला कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो. शिजल्याने किंवा वाळवून पूड केल्याने त्याचे विष उतरत नाही, आणि मांजराला तर त्याची फार थोडी मात्रा बाधते. द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक आहेत. शिऱ्याचा प्रसाद देताना हे लक्षात असू द्यावे. चॉकलेट वर्ज्य आहेच. मधुमेही माणसाच्या घरात आणखी एक धोका असतो, तो झायलिटॉलचा. साखरविरहित च्युइंगगममध्ये आणि काही साखरमुक्त गोड पदार्थांत व दंतमंजनांत हा गोडवा वापरलेला असतो. आपल्याला तो निरुपद्रवी, पण कुत्र्याच्या रक्तातील साखर त्याने तासाभरात कोसळू शकते. असे काही पोटात गेल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यांना दूरध्वनी करावा.

तयार खाद्याच्या पाकिटावर कुत्र्याचे हसरे चित्र कोणत्या बाजूला आहे हे सांगावे लागत नाही. त्याच्या उलट बाजूला जे बारीक अक्षरांत असते ते वाचावे. अक्षर लागत नसेल तर दुकानदाराकडून किंवा नातवंडाकडून वाचवून घ्यावे, अथवा भ्रमणध्वनीने छायाचित्र काढून मोठे करून पाहावे. तेथे पहिली गोष्ट शोधावी ती ‘संपूर्ण व संतुलित आहार’ अशा अर्थाचे विधान आणि ते कोणत्या वयाच्या जनावरासाठी आहे याचा उल्लेख. ‘पूरक’ असे लिहिले असेल तर ते खाद्य एकट्याने पुरे पडणारे नाही. किती वजनाला किती ग्रॅम, याचा तक्ता असतो. तो सुरुवातीचा अंदाज समजावा आणि बरगड्यांच्या परीक्षेने कमीजास्त करावा. उत्पादनाची तारीख, मुदत आणि तुकडीचा क्रमांक पाहावा.

प्रथिनांचे टक्के वाचताना एक गफलत नेहमी होते. कोरड्या दाण्यांच्या पाकिटावर २४ टक्के आणि ओल्या खाद्याच्या डब्यावर ८ टक्के प्रथिने लिहिलेली पाहून ग्राहक म्हणतो, दाणे तिपटीने सरस. पण दाण्यांत पाणी सुमारे दहा टक्के असते, तर डब्यात ऐंशी. पाणी वगळून उरलेल्या शंभर भागांत हिशेब केला की दाण्यांत साधारण २७ टक्के प्रथिने येतात आणि डब्यात चाळीस. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेली असते; ताज्या कोंबडीत पाणीच फार असल्याने ती पहिल्या स्थानी दिसते, एवढ्यावरून भाळून जाऊ नये. ‘धान्यविरहित’ हा शब्द तर मला जाहिरातीचाच अधिक वाटतो. धान्य हे कुत्र्याला विष नव्हे. उलट वाटाणा-मसूर यांसारख्या डाळींचा मोठा वाटा असलेल्या धान्यविरहित खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी काही संबंध आहे काय, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली जाहीर केली. तो संबंध निर्णायकपणे सिद्ध झालेला नाही, पण जादा पैसे मोजण्याचे कारणही त्यातून दिसत नाही. ‘म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथिने कमी द्यावीत’ हाही समज सरसकट खरा नाही. उतारवयात स्नायू झडतात, आपले तसेच त्याचे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास पशुवैद्य वेगळे पथ्य सांगतील. ते तपासणीनंतर ठरावे, वयावरून नव्हे.

पाकीट केवढे घ्यावे, यावर दुकानात गल्लत होते. मोठी गोणी किलोमागे स्वस्त पडते, म्हणून घेतली जाते. वर पाहिलेल्या दहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे दीडशे ग्रॅम दाणे पुरतात. दहा किलोची गोणी त्याला दोन महिन्यांहून अधिक पुरेल. उघडलेले कोरडे खाद्य साधारण सहा आठवड्यांत संपावे, आणि आपल्या पावसाळ्यात त्याहूनही लवकर. त्याच्यासाठी तीन किलोचे पाकीट योग्य, वीस दिवसांत संपणारे. चार किलोचे मांजर दिवसाला पन्नास-साठ ग्रॅम खाते. त्याच्यासाठी किलो-सव्वा किलोहून मोठे पाकीट घेऊच नये. लहान पाकीट उचलताना कंबरही वाचते, हा लाभ किमतीच्या फरकात धरावा. काही दुकानांत मोठी गोणी फोडून सुट्टे दाणे तोलून देतात. ते स्वस्त असले तरी त्यांची मुदत, तुकडी आणि गोणी कधी फोडली हे काहीच कळत नाही. ते घेऊ नयेत.

घरी आणल्यावर पुष्कळ जण पाकीट फोडून दाणे प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्यात रिकामे करतात. दिसायला ते नीटनेटके असते, परंतु दाण्यांवर चरबीचा हात दिलेला असतो. ती चरबी डब्याच्या भिंतींना चिकटते, खवट होते आणि त्यावर नवे दाणे ओतले की त्यांनाही तोच वास लागतो. जनावराचे नाक आपल्याहून तीक्ष्ण. ते तोंड फिरवते आणि आपण म्हणतो, ‘हल्ली नखरे फार करतो.’ मूळ पाकीट ओल आणि हवा अडविण्यासाठीच बनविलेले असते. त्यातील हवा दाबून काढावी, तोंड दोन-तीनदा दुमडून चिमटा लावावा आणि ते पाकीट तसेच घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. पत्र्याचा किंवा स्टीलचा डबा असल्यास उंदरांचीही काळजी मिटते. पाकिटावर उघडल्याची तारीख जाड शाईने मोठ्या अक्षरांत लिहावी. डबा जमिनीवर नको, माळ्यावरही नको. कमरेच्या उंचीच्या फळीवर, शेगडी व खिडकीपासून दूर, शक्यतो सत्तावीस अंशांखालच्या जागी असावा. उन्हाळ्यात आपल्याकडे एवढे गार स्वयंपाकघर मिळणे कठीण, म्हणून तर लहान पाकिटाचा आग्रह. कोरडे दाणे फ्रिजमध्ये ठेवू नयेत. बाहेर काढताच त्यांना ओल धरते.

आषाढ-श्रावणात दाणे सादळले की त्यांत बुरशी शिरते. सादळलेले दाणे तव्यावर गरम करून घालण्याची काटकसर कोणी करू नये, कारण काही बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष सोडतात आणि ते घरच्या आचेने नष्ट होत नाही. यकृतावर त्याचा घाला असतो. १९७४ साली राजस्थान-गुजरातच्या सीमेवरील आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाण्यात येऊन काविळीची जीवघेणी साथ पसरली. शंभराहून अधिक माणसे दगावली आणि त्याच अन्नावर जगणाऱ्या गावातील कुत्र्यांनाही तोच आजार झाला. बुरशी आलेली पोळी, खवट शेंगदाणे, पोरकिडे झालेले पीठ ‘कुत्र्याला घालू’ असे आपण सहज म्हणतो. जे आपल्या पोटाला चालत नाही ते त्याच्याही पोटाला चालत नाही. ते कचऱ्यात टाकावे.

गव्हात ठेवायच्या कीडनाशक गोळ्या दाण्यांच्या डब्यात चुकूनही टाकू नयेत. आपण गहू पाखडून, धुऊन घेतो, हे दाणे थेट तोंडात जातात. मुंग्यांसाठी खडूची रेघ किंवा पावडरही भांड्याभोवती नको. परातीत पाणी घालून तिच्यात भांडे ठेवण्याचा जुना उपाय पुरेसा आहे.

ओल्या खाद्याचा डबा उघडल्यावर उरलेले काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात काढून, झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि तीन दिवसांत संपवावे. घरी शिजविलेल्या मांसालाही हाच नियम. वीज बराच वेळ गेली असेल तर तीन दिवसांचीही वाट पाहू नये. मांजर फ्रिजमधले गार अन्न हुंगून निघून जाते, तेव्हा चमचाभर कोमट पाणी घालावे. ताटलीत उरलेले ओले अन्न दोन तासांत उचलावे. वैशाखात एका तासात.

आता आपल्या स्वतःच्या प्रकृतीविषयी थोडे. कच्चे मांस घालण्याची एक लाट सध्या शहरांत आहे. ज्या घरात पासष्टीपुढची व्यक्ती आहे, कोणाचे कर्करोगाचे उपचार चालू आहेत किंवा कोणी स्टेरॉइड घेत आहे, त्या घरात ती येऊ देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साल्मोनेला, लिस्टेरिया यांसारखे जंतू कच्च्या मांसातून ताटलीवर, हातावर आणि जनावराच्या जिभेवरून आपल्यापर्यंत येतात. कोरडे दाणेही सर्वस्वी निर्धोक नसतात. २०१२ साली अमेरिका व कॅनडात साल्मोनेलाने दूषित झालेल्या कोरड्या श्वानखाद्यामुळे ४९ माणसांना लागण झाली होती. अशा वेळी कंपनी खाद्य परत मागविते ते तुकडीच्या क्रमांकावरून. पाकीट फेकून दिलेले असेल तर आपले खाद्य त्यातले की नाही हे कळण्याचा मार्ग उरत नाही. जेवण वाढल्यावर साबणाने हात धुवावेत, त्याचे भांडे रोज घासावे, आणि ते घासण्याची काथ्याची घासणी आपल्या भांड्यांहून वेगळी असावी. भांडे ठेवण्याची जागा रात्री स्नानगृहाकडे जाण्याच्या वाटेवर नको. अंधारात पाण्याच्या भांड्याला पाय लागून घसरणे आणि खुब्याचे हाड मोडणे ही काल्पनिक भीती नव्हे. आपल्या गोळ्या खाली सांडल्या तर मोजून उचलाव्यात. पॅरासिटॅमॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते आणि आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या जठराला व मूत्रपिंडांना घातक ठरते.

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी एक अडचण विशेष. घरातील वृद्धांना विस्मरण होऊ लागले असेल तर जनावराला एकाच सकाळी तीनदा जेवण मिळते, किंवा एकदाही मिळत नाही. कुत्रा तक्रार करीत नाही, तो तिन्ही वेळा खातो. यावर वाद घालून, आठवण करून देऊन काही साधत नाही. त्यांना ते अपमानकारक वाटते. गोळ्यांच्या सात खणांच्या डबीची कल्पना येथे वापरावी. रविवारी वजनकाट्यावर मोजून चौदा लहान, स्वच्छ, कोरड्या डब्या भराव्यात. सात सकाळच्या, सात संध्याकाळच्या, दोन वेगळ्या रंगांच्या झाकणांच्या. डबी रिकामी दिसली की जेवण झाले. वाढण्याचे काम मात्र त्यांच्याकडेच राहू द्यावे. दिवसातून दोनदा कोणीतरी आपली वाट पाहते, ही जाणीव त्यांच्याकडून काढून घेण्याची घाई नको.

खाद्य बदलावयाचे झाल्यास आठ-दहा दिवसांत थोडे थोडे करून बदलावे.

शेवटी फ्रिजच्या दारावर लावायच्या एका कागदाविषयी. वृद्ध माणसाला अकस्मात रुग्णालयात न्यावे लागते तेव्हा शेजारी किंवा मुलगी घाईने घरात येते आणि जनावराला काय, किती, केव्हा घालायचे हे कोणालाच ठाऊक नसते. त्या कागदावर खाद्याचे नाव, एका वेळचे ग्रॅम, वेळा, वर्ज्य पदार्थ, चालू औषधे आणि पशुवैद्यांचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत असावा. मालक दिसत नाही म्हणून कुत्रा एक-दोन वेळा जेवला नाही तर सहसा बिघडत नाही. मांजराने अन्न सोडले तर मात्र, विशेषतः ते जाड असेल तर, दोन-तीन दिवसांतच त्याच्या यकृतात चरबी साचून प्राणावर बेतू शकते. म्हणून त्या कागदाच्या तळाशी एक ओळ तांबड्या शाईने लिहून ठेवावी: मांजर पूर्ण एक दिवस जेवले नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळीच पशुवैद्यांकडे न्यावे.